दादा बाहेर उभा आहे

माणसाला "काहीही करू नका" असं सांगून बघा, तो गोंधळतो. "श्वास रोखा" म्हटलं की रोखतात, "गिळू नका" म्हटलं की गिळत नाहीत, पण "नुसते पडून राहा" म्हटलं की विचारतात, "म्हणजे नक्की काय करायचं?" सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात मी कित्येक वर्षं एमआरआयचं मशीन चालवते, आणि या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. "समोर पांढरी अधिकची खूण दिसेल. तिच्याकडे बघत पडायचं. झोपायचं नाही, हलायचं नाही, मुद्दाम कसला विचार करायचा नाही. बास." भवानी पेठेतल्या एक बाई त्यावर म्हणाल्या होत्या, "अहो, लग्न झाल्यापासून मला असं पडायला कुणी सांगितलंच नाही. जमतंय का बघते." बाहेर आल्या तेव्हा चेहरा खुलला होता. "आत सगळ्या नणंदांशी भांडून घेतलं," म्हणाल्या.

हे पडून राहण्याचं खूळ डॉ. शुभदांचं. मनोविकारांच्या डॉक्टर, वयाने माझ्या निम्म्या. डिप्रेशनच्या पेशंटांचा मेंदू रिकामा पडलेला असताना कसा चालतो आणि सहा महिने उपचार झाल्यावर त्यात काय फरक पडतो, हा त्यांचा अभ्यास. मला पहिल्यांदा वाटलं, मशीनचा वेळ वाया घालवायचे धंदे. माणसाला बोटं हलवायला लावा, चित्रं दाखवा, मग मेंदू काम करताना दिसेल. लोळत पडलेल्या माणसाचा मेंदू काय बघायचा? मला पोटात ठेवता येत नाही. तोंडावर बोलले तसं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मला शेजारी खुर्ची दिली आणि एका पेशंटचा स्कॅन कॉम्प्युटरवर उलगडून दाखवला. कपाळाच्या आतला एक भाग आणि पार मागच्या बाजूचा एक भाग. मध्ये एवढं अंतर, तरी दोन्हीकडची रेघ एकदमच वर जात होती आणि एकदमच खाली येत होती, अगदी सावकाश. माणसाला काम दिलं की ही दोघं मंदावतात, आणि मोकळा सोडला की यांचं सुरू होतं. अशा आणखी कितीतरी जोड्या, कितीतरी टोळ्या, ज्याची त्याची लय वेगळी.

"आम्ही दोघी बहिणी करतो असं," मी म्हणाले. "ती बार्शीत, मी इथे. फोन न करता एकाच वेळी चहा टाकतो."

"तसंच समजा," डॉक्टर हसल्या. "फक्त यांच्यामध्ये तारा आहेत."

त्या दिवशी घरी जाताना मला रस्त्यावरची माणसं वेगळीच दिसायला लागली. रिक्षात डुलकी घेणारा ड्रायव्हर, टपरीपाशी नुसता उभा असलेला एक म्हातारा, दुकानाच्या पायरीवर गालाला हात लावून बसलेली बाई. आपण म्हणतो, बघा कसे रिकामटेकडे बसलेत. आणि आत हे सगळं अखंड चाललेलं, कुणी न सांगता, कुणाला न कळता. मी फार देवभोळी नाही, पण त्या संध्याकाळी सिग्नलला थांबले असताना मी उगीचच हात जोडले. कुणाला, ते मलाही सांगता येणार नाही.

अभिमन्यू माझ्याकडे पहिल्यांदा आला तो थंडीच्या दिवसांत. मोडनिंबचा, तिशीतला. हायवेला लागून त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी त्याच्याकडे आणायचे. तो ती उघडायचा, आतली जळालेली तांब्याची तार उपसून काढायचा आणि नवीन भरायचा. तार काढून टाकलेल्या मोटारीचं नुसतं लोखंडी टरफल उरतं, त्याला तो बॉडी म्हणायचा. हे मला त्यानेच सांगितलं, कारण त्याच्या मते त्याची स्वतःची तीच गत झाली होती.

"बाई, उगंच वीज जाळताय," टेबलावर आडवा होताना तो म्हणाला. "आत काय न्हाय. वायंडिंग काडून टाकल्यालं हाय. नुसती बॉडी राहिलीया."

दाढी वाढलेली, मान खाली, डोळे कुठेतरी भिंतीच्या खालच्या कडेला. मी त्याच्या डोक्यावर पिंजरा बसवला, हाताशी घाबरल्यावर दाबायचा फुगा दिला आणि टेबल वर घेताना माझ्याच हलगर्जीपणाने त्याचं बोट कडेला चिमटलं. ओरडले मी. तो नाही. बोट पांढरं पडलं तरी तो तसाच.

"आसू द्या," तो म्हणाला. "मला काय कळत न्हाय."

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, हा असं का बोलतो. त्या म्हणाल्या, डिप्रेशन फार खोल गेलं की क्वचित एखाद्याला खरोखरच वाटायला लागतं की आपण आतून संपलोय, मेलोय. नाटक नसतं ते. आणि समजूत घालून पटतही नाही. त्याचा मोठा भाऊ मानसिंग त्याला सांभाळायचा. आईवडील लवकर गेलेले, दोघंच एकमेकांना. मानसिंग डाळिंबाचा टेम्पो घेऊन सोलापूरच्या मार्केटला यायचा, तेव्हा याला शेजारी बसवून आणायचा आणि डॉक्टरांकडे सोडून माल उतरवायला जायचा. त्यामुळे मी त्या दिवशी मानसिंगला पाहिलंच नाही. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मला कुणी मूर्ख म्हणणार नाही.

सहा महिन्यांनी दुसरा स्कॅन होता. मधल्या काळात अभिमन्यू दोनदा येऊन गेला आणि नंतर मानसिंगच येऊन डॉक्टरांकडून औषधं नेऊ लागला; माझ्या खोलीकडे तो कधी फिरकला नाही. "बरा हाय, दुकानावर बसतोय," असं सांगायचा. आपल्याकडे एकाच्या बदली दुसरा जातोच. रेशनला जातो, लग्नाला जातो, औषधालाही जातो. डॉक्टरांनी दोनदा तीनदा बजावलं, पेशंटला आणा. अखेर स्कॅनच्या दिवशी अभिमन्यू आला.

काय सांगू, मला इतका आनंद झाला! गुळगुळीत दाढी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. "नमस्कार ताई," म्हणाला. मागच्या वेळी बाई म्हणाला होता, आता ताई. चपला नीट एका बाजूला काढून ठेवल्या. अंगात लोखंड आहे का, प्लेट आहे का, सगळ्यांना चटाचट नाही म्हणाला. आधारकार्ड पाहिलं, पण माझ्या कार्डावरच्या फोटोत मी स्वतः माझ्या सासूसारखी दिसते, तर याच्या फोटोकडे काय बघणार! डॉक्टर त्या दिवशी परगावी होत्या. मी फोनवर त्यांना म्हणाले, "मॅडम, तुमच्या औषधाने जादू केली. माणूस ओळखू येत नाही."

स्कॅन संपल्यावर तो टोपी हातात घेऊन माझ्या काचेपाशी आला.

"ताई, डोकं भरल्यालं दिसलं न्हवं?"

"काठोकाठ," मी म्हणाले.

"मग तसं मॅडमला सांगा," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदाने.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बोलावलं. चेहरा गंभीर. "विजयाताई, अभिमन्यूच्या दोन स्कॅनमध्ये घोटाळा आहे. दुसरा स्कॅन त्याचा नाही."

मी उभीच राहिले. "म्हणजे मी फाइली बदलल्या?"

"असं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलं? मशीन माझं, नाव टाकणारी मी, चूक निघाली तर ती कुणाची असणार? इतकी वर्षं झाली, एकदाही गुडघ्याच्या जागी खांदा गेला नाही माझ्या हातून!"

त्यांनी मला ओरडू दिलं. मग पाणी दिलं. मग पुन्हा ती शेजारची खुर्ची.

"ऐका. रिकामा पडलेला मेंदूसुद्धा ज्याचा त्याचा आपल्याच ढंगाने चालतो. कुठला भाग कुणाशी किती मिळून चालतो, याची एक वीण असते. मी सगळ्यांचे आधीचे आणि नंतरचे स्कॅन कॉम्प्युटरला दिले आणि जोड्या लावायला सांगितलं. नाव न सांगता. त्याने जवळजवळ सगळ्यांच्या लावल्या."

"नाव न सांगता?"

"नाव न सांगता. हा माणूस तोच, हा तोच, हा तोच. फक्त अभिमन्यूची जोडी लागली नाही."

"बरा झाला म्हणून बदलला असेल."

"बरं होताना बदलतो, थोडा. पण माणूस बदलत नाही. मलाही शंका आली, म्हणून मेंदूच्या घड्या पाहिल्या. त्या सहा महिन्यांत हलत नाहीत. घड्याही वेगळ्या आहेत. तुमच्या टेबलावर दुसराच कुणीतरी झोपला होता, ताई."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी त्या पडद्याकडे बघत राहिले. म्हणजे माणूस डोळे उघडे ठेवून गप्प पडलाय, बोलत नाही, हात हलवत नाही, मनात डाळिंबं मोजतोय की नणंदांशी भांडतोय कुणास ठाऊक, आणि तरी त्याचा मेंदू सांगतोय, मी हाच. सही करावी तसा. जन्मभर मी माणसांना आत ढकलत आले, बाहेर काढत आले आणि मला हे माहीत नव्हतं. माझ्या हातावर काटा आला होता, तो मी डॉक्टरांना दाखवला.

"आणखी एक," त्या हळूच म्हणाल्या. "हा दुसरा माणूस जमवलेल्या सगळ्या लोकांमध्ये अभिमन्यूच्याच सर्वांत जवळचा आहे. सख्ख्या भावंडांत असं साम्य सापडतं. एकट्या या आकड्यावरून मी शपथ घेणार नाही, पण..."

मला ते भरून आलेले डोळे आठवले. डोकं भरल्यालं दिसलं न्हवं?

"मॅडम," मी म्हणाले, "त्या भावाला फोन लावा."

मानसिंग दुपारी आला. टेम्पो गेटबाहेर, हातात तीच टोपी. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत मीच सुटले. "अंगात लोखंड आहे का, म्हणून मी कुणाला विचारत होते? उत्तरं कुणाची देत होतास? तुझ्या पायात एखादी लोखंडी पट्टी असती, डोळ्यात बारकासा कण असता, तर त्या चुंबकाने काय केलं असतं ठाऊक आहे? जीव गेला असता की रे!"

"न्हाय वो ताई, माझ्या अंगात काय न्हाय," तो हात जोडून म्हणाला. "आन् मला सवय हाय त्याच्या बदली जायाची. शाळंत सुई टोचायला यायचे, तवा ह्यो भ्यायचा. ह्याच्या वाटची बी मीच घ्यायचो. दोन्ही दंडावर."

डॉक्टरांनी त्याला बसवलं. "मानसिंगराव, पण का? अभिमन्यूला यायचं नसेल तर नाही म्हणून सांगायचं. आम्ही काही रागावणार नव्हतो."

त्याने टोपीची कड दुमडली.

"त्यो लई दिस म्हनत हाय, आत काय राहिल्यालं न्हाय. रोज म्हनतोय. रोज रोज ऐकलं की मानूस... मला बी वाटाय लागलं वो, खरंच नसंल तर? मशिनीत त्याचं डोकं रिकामं निघालं तर? तुमी म्हनला असता, हितं काय इलाज करायचा, घिऊन जा घरी. म्हनून माझं दिलं."

या माणसाने भावाच्या नावावर आपलं भरलेलं डोकं आणून ठेवलं होतं.

"तो आता कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरी. पडूनच असतो. दुकान बंद हाय. खात न्हाय, मॅडम. गोळ्या बी घेत न्हाय. मेलेल्याला कशाला, म्हनतो." आणि तो पुरुष तिथे ढसाढसा रडला.

"मोडनिंब काही लांब नाही," डॉक्टर उठल्या. "आत्ता आणा. आत्ता."

आणला तेव्हा मी त्याला ओळखलं. आता मात्र ओळखलं. तीच दाढी, तीच मान, फक्त माणूस निम्मा उरला होता. मानसिंगच्या सहीवर डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं, सलाइन लावलं. पण सलाइनवर किती काढणार? तोंडाशी नेलेला घास तो फिरवायचा, पाण्याचा पेला फिरवायचा, गोळी तर बघायचाही नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसतं, "कशाला, मॅडम? मेल्यालं हाय." डॉक्टरांनी मानसिंगला स्पष्ट सांगितलं की आणखी एखादा दिवस बघून नाकातून नळी घालावी लागेल, शॉकचे उपचारही द्यावे लागतील, यात त्यांचा चांगला उपयोग होतो, पण शरीर फार खचलंय, आणि त्याने आपणहून घोटभर जरी घेतलं तरी पुढचं सगळं सोपं होईल. नाहीतर धोका आहे.

मानसिंगने डॉक्टरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "मॅडम, त्याचं पयलं चित्र हाय की तुमच्याकडं. ते तरी दाखवा. त्यात हाय न्हवं समदं?"

"चित्र दाखवून हा आजार जात नाही," डॉक्टर म्हणाल्या. पण मग लॅपटॉप घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेले. माझं काही काम नव्हतं तिथे, पण गेले. पहिला स्कॅन, थंडीतला, खराखुरा अभिमन्यूचा. कपाळामागची रेघ आणि मागची रेघ, सोबत वर, सोबत खाली.

अभिमन्यूने पाहिलं. त्याने पाहिलं, हेच आश्चर्य.

"ह्ये दादाचं हाय," तो म्हणाला.

"नाही, हे तुमचं. दादा नंतर आले होते."

"दादाच गेला आसंल. दादा समदीकडं जातो." त्याने भावाकडे पाहिलं. राग नव्हता, उलट त्याला भावाचीच कीव आल्यासारखं दिसलं. "माझ्यासाठी कशाला एवडं करतुयास, दादा? सोड की आता."

मानसिंगचा चेहरा बघवत नव्हता. वाचवायला म्हणून जे केलं, तेच आता आडवं आलं होतं. आता कुठलंही चित्र दाखवा, ते दादाचंच असणार. आणि हा असाच, शांतपणे, समजूतदारपणे मरून जाणार.

मला राहवलं नाही. "काय रे," मी पुढे झाले, "रिकामा आहेस ना तू? मग भितोस कशाला? चल माझ्याबरोबर. पुन्हा झोप त्या मशीनमध्ये. दादा बाहेर उभा राहील, तुझ्या डोळ्यांसमोर. मग बघू आत कोण निघतंय ते!"

"विजयाताई!" डॉक्टर दटावून म्हणाल्या. बाहेर नेऊन मला चांगलं झापलं. पेशंटशी असं बोलतात का, आणि काय निघणार म्हणून तुम्ही त्याला वचन देताय? मी ऐकून घेतलं. खरंच होतं त्यांचं. पण आम्ही परत आत आलो तर अभिमन्यू उठून बसला होता. महिन्यात पहिल्यांदा आपणहून, असं मानसिंग म्हणाला.

"चालंल," तो म्हणाला. "मेलेल्याला कशाचं भ्या. पर दादा दिसाय पायजे."

डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. "हा स्कॅन अभ्यासात धरता येणार नाही," त्या मला म्हणाल्या. "याच्यासाठी म्हणून करू."

पिंजऱ्यावर एक तिरका आरसा असतो. आडव्या पडलेल्या माणसाला त्यातून आपले पाय आणि पायांपलीकडची भिंत दिसते, आणि भिंतीवरच्या पडद्यावर ती अधिकची खूण. मी मानसिंगची कसून तपासणी केली, या वेळी त्याच्याच नावाने. किल्ल्या, मोबाईल, करदोट्यातला ताईत, सगळं बाहेर. दोघांच्या कानांत बोळे घातले. अभिमन्यू आत सरकला, नुसती पावलं बाहेर राहिली. मानसिंग पायांशी उभा राहिला आणि त्याने भावाच्या उजव्या पायाचा अंगठा मुठीत धरला.

"दादा दिसतोय?" मी माइकवरून विचारलं.

"दिसतोय."

"अंगठा कुणी धरलाय?"

"दादानं."

"मग आता काही करू नकोस," मी म्हणाले.

मशीन सुरू झालं. एवढा आवाज करतं ते, की नवखा माणूस दचकतो. मानसिंगही दचकला, पण त्याने अंगठा सोडला नाही. माझ्यासमोर राखाडी चकत्या येत होत्या, एकामागून एक, सारख्या दिसणाऱ्या. त्यात लगेच काहीच दिसत नाही. रेघा नंतर कॉम्प्युटर काढतो. पण मला आता ठाऊक होतं. तो मेलोय म्हणून पडला होता, आणि त्याच्या डोक्यात लांब लांबचे भाग एकमेकांची साथ धरत होते. ज्या मेंदूने 'मी नाही' असा निकाल दिला होता, तोच मेंदू एक ठोका न चुकवता आपली सही करत होता. डॉक्टर शेजारी उभ्या होत्या.

आवाज थांबला. आतून त्याचा आवाज आला, खरखरीत, कित्येक दिवस न वापरलेला.

"बाई."

"बोल."

"दादा तर भाईर हुबा हाय."

"हो."

"मग आत कोन हाय?"

मला माइकचं बटण दाबता आलं नाही. डॉक्टरांनी दाबलं. "तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटरला वेळ लागला. तेवढा वेळ दोघं भाऊ माझ्या खोलीत बसून होते, अभिमन्यू चाकाच्या खुर्चीत, अनवाणी. मानसिंगसाठी मी चहा मागवला. तो त्याने प्यायला नाही. मला भीती वाटत होती. कॉम्प्युटर चुकतोही, बहुतेक वेळा लावतो, नेहमी नाही. हा एवढा सुकलाय, आजार एवढा वाढलाय, आणि मीच तोंड उघडून हे ओढवून घेतलंय.

मग डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. तो नवा स्कॅन त्यांनी सगळ्या ढिगात टाकला होता, नाव न सांगता. मानसिंगचाही होता त्या ढिगात. कॉम्प्युटरने त्यातून नेमका एक काढून समोर ठेवला होता: थंडीतला, पहिला.

"हे आजचं," डॉक्टर म्हणाल्या. "दादा बाहेर उभे होते तेव्हाचं. आणि हे त्या वेळचं. दोन्ही एकाच माणसाची आहेत. दादांचं हे वेगळं, बघा. तुमच्यासारखं आहे, पण तुमचं नाही."

अभिमन्यू पुढे वाकला. मोटार उघडून बघताना वाकत असेल तसा.

"तवाबी मीच व्हतो?"

"तेव्हाही तुम्हीच होतात."

"जळल्यालं न्हाय?"

"कुठे काय बिघडलंय, ते एकट्या चित्रावरून मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत, हे मला त्यांचं फार आवडतं. "चालू आहे, एवढं सांगते. तेव्हा चालू होतं, आजही चालू आहे."

पुढे त्याला शॉक द्यावे लागले, गोळ्या बदलाव्या लागल्या, दुकानाचं शटर उघडायला पुढची थंडी उजाडली. चित्राने कुणी बरं होत नाही, आणि तोही झाला नाही. त्या दुपारीही तो काही एकदम हसला वगैरे नाही. रेघांकडे बघत राहिला. सोबत वर, सोबत खाली. मानसिंग त्याच्याकडे बघत होता.

मग अभिमन्यूने पाय वर घेतला, मांडीवर ठेवला आणि अंगठा चोळायला लागला. अंगठा लालबुंद झाला होता.

"दादा," तो म्हणाला, "लई जोरात धरलावतास. दुखतोय की."

"दुखतोय?" मानसिंग म्हणाला. "दुखतोय व्हय रं?"

"लई."

डॉक्टर वॉर्डात गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर दोन गोळ्या होत्या, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. "ही अंगठ्यासाठी," त्या म्हणाल्या, "आणि ही नेहमीची."

त्याने गोळ्यांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग पुन्हा अंगठ्याकडे. मी देवाला, मशीनला, कुणाला म्हणून नाही, सगळ्यांना हात जोडले.

त्याने आधी अंगठ्याची घेतली. मग दुसरी.